नजर गेली, पण दिसले नाही

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तिथे एक्स-रेचा लिफाफा घेऊन बसलेल्याला एकच धाकधूक असते : डॉक्टरांच्या नजरेतून काही सुटणार तर नाही?

१९४७ साली अमेरिकेत क्षयाच्या शोधासाठी छातीच्या चार प्रकारच्या फिल्म पाच जणांनी तपासल्या. फिल्मपेक्षा वाचणाऱ्यांतच फरक जास्त निघाला. दुसऱ्यांदा पाहताना काहींचे स्वतःशीही जुळेना!

पुढे फिलाडेल्फियात हॅरॉल्ड कुंडेल यांनी तज्ज्ञांची नजर फिल्मवर कुठे थांबते, याची नोंद केली. १९७८ साली आढळले, की सुटलेल्या बहुतेक गाठींवर नजर पडली होती. चुकला होता तो निर्णय. म्हणूनच दुसऱ्या डॉक्टरांना फिल्म दाखवणे हा पहिल्यांवरचा अविश्वास नव्हे.