हिरकणी आणि बंद दरवाजा

हिरकणीची गोष्ट माहीत नाही असा मराठी माणूस सापडायचा नाही. आम्हाला ती चौथीच्या वर्गात गुरुजींनी सांगितली. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण. कोजागरीचा दिवस. घरोघर दूध पोचवता पोचवता तिला उशीर झाला आणि गडाचे दरवाजे बंद झाले. पहारेकऱ्यांपुढे तिने पदर पसरला, पण हुकूम म्हणजे हुकूम. घरी पाळण्यात तान्हं मूल भुकेलं होतं. शेवटी ती काळोखात कडा उतरून गेली. महाराजांना हे कळलं तेव्हा त्यांनी तिला साडीचोळी देऊन गौरवलं आणि ती उतरली त्या जागी बुरूज बांधला. तोच हिरकणी बुरूज.

कागदपत्रांत या गोष्टीचा पुरावा शोधू गेलं तर हाती फारसं काही लागत नाही. लोकांनी जपलेली ही आख्यायिका आहे. पण लोक एखादी आख्यायिका इतकी वर्षं जपतात, तेव्हा त्यात त्यांचं काहीतरी गुंतलेलं असतं. २०१९ साली तिच्यावर चित्रपट निघाला, तोही लोकांनी डोक्यावर घेतला.

गोष्ट ऐकून आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. आई असावी तर अशी! पण एक प्रश्न वर्गातल्या कुणालाही पडला नाही. दुसऱ्यांच्या घरी दूध पोचवणाऱ्या बाईला स्वतःच्या लेकराला पाजायला घरी का जाता येऊ नये? ज्या वाटेने ती उतरली ती वाट बुरूज बांधून बंद झाली. लेकुरवाळीसाठी दरवाजा उघडावा असा हुकूम निघाल्याचं मात्र गोष्टीत कुठेच येत नाही.

मला हा प्रश्न पडला तो आकुर्डीत, कारण तिथे दरवाज्यावर मीच होतो.

बीए झालो आणि लातूरकडून पोटासाठी पिंपरी-चिंचवडला आलो. १९९५ च्या सुमाराला आकुर्डीत सुटे भाग करणाऱ्या एका लहान कंपनीच्या टाइम ऑफिसात लागलो. हजेरीपट भरायचा, कार्ड पंच होतात की नाही बघायचं, गेटपास तपासायचे. उरलेल्या वेळात पाठकोऱ्या कागदांवर कविता लिहायच्या. आमच्या पॅकिंग खात्यात ठेकेदाराकडच्या पंधरा-वीस बायका होत्या. त्यांतली एक बाळंतपणानंतर तीन महिन्यांतच कामावर परतली होती. एके दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला ती गेटवर आली.

"भाऊ, बाळ शेजारणीकडे ठेवलंय. पाजून अर्ध्या तासात येते."

"सुपरवायझरची सही?"

"ते मीटिंगमधी हायेत."

"मग थांबा."

ती थांबली. पिण्याच्या पाण्याच्या टाकीजवळ भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. थोड्या वेळाने तिचा पदर पुढून भिजलेला दिसला. पान्हा सहीची वाट बघत नाही. तिने पॅकिंगचा एक पुठ्ठा छातीशी धरला. वॉचमन हसला. मी हजेरीपटात डोकं घातलं. मीटिंग पाचला संपली. पुढच्या आठवड्यात ती यायची बंद झाली. हजेरीपटात तिच्या नावापुढे मी आधी 'गैरहजर' लिहिलं आणि महिन्याच्या शेवटी 'नाव कमी केले' असं लिहिलं. अक्षर चांगलं आल्याचंही मला आठवतं.

माझ्या हातून हे का घडलं, ते शोधता शोधता मी इतिहासाकडे वळलो. कारखान्याचं दार आणि आईचं दूध यांचं भांडण माझ्यापासून सुरू झालं नव्हतं. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. भोंगा झाला की गेट बंद. तान्हं मूल चाळीतल्या खोलीत. दिवसभर ते शांत राहावं म्हणून त्याला अफूची गोळी देत. नाव किती गोड होतं बघा: बाळगोळी. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या डॉक्टरबाईंनी त्या काळात गिरणीतल्या बायकांची पाहणी केली. जवळजवळ सगळीच पोरं अफूवर झोपवली जातात, असं त्यांना आढळलं. त्या आयांना माया नव्हती असं कोण म्हणेल? हिरकणीला कडा तरी होता. गिरणीच्या भिंतीला तोही नव्हता.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या काळात आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. देशातला अशा प्रकारचा तो पहिला कायदा. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघर आलं. आधी पन्नासहून अधिक बायका असलेल्या कारखान्यांना ते बंधनकारक होतं, १९७६ मध्ये तो आकडा तीसवर आणला. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने तर मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला नेहमीच्या विश्रांतीशिवाय दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुट्टी दिली. २०१७ मध्ये रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं. या तरतुदी पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या गेल्या.

म्हणजे १९९५ मध्ये ती बाई माझ्याकडे उपकार मागत नव्हती. दोनदा पाजायला जाण्याचा कायदा तेव्हा चौतीस वर्षांचा होता, माझ्यापेक्षाही वयाने मोठा. पण तो मला कुणी सांगितला नव्हता, तिलाही नाही. आमच्याकडे बायका तीसहून कमी, त्याही ठेकेदाराच्या. पाळणाघराचा प्रश्नच नव्हता.

त्याआधीच्या काळात लोक काय करत असतील? १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती साथ देईना, दूध पुरेना. तेव्हा गडाजवळच्या कापूरहोळच्या गाडे घराण्यातली धाराऊ बोलावली गेली. तिने बाळराजांना अंगावर पाजलं, तिची मुलं त्यांचे दूधभाऊ झाली. पुढे दोन वर्षांतच सईबाई गेल्या. राजाचं पोर म्हणून त्याला दूधआई मिळाली हे खरं. धाराऊच्या स्वतःच्या लेकराच्या वाट्याला त्या दिवसांत किती दूध आलं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. तरी आईला दूध कमी पडलं तर ती तिची खोट न मानता दुसरी बाई पुढे व्हायची, ही समज आपल्या समाजात होती.

आम्हा मुसलमानांत दुधाचं हे नातं रक्ताच्या नात्याइतकं पक्कं मानतात. पैगंबरसाहेबांना हलीमा या दाईने दूध पाजलं होतं. मूल दोन वर्षं अंगावर पाजण्याचा उल्लेख कुराणात आहे. एकाच बाईचं दूध प्यायलेली मुलं भाऊ-बहीण ठरतात, त्यांचं आपसांत लग्न होत नाही. माझ्या आईने गावी शेजारच्या पाटलांच्या मुलाला दोन महिने पाजलं होतं. त्याची आई तापाने अंथरुणाला खिळली होती. तो मला आजही 'दूधभाऊ' म्हणून हाक मारतो.

आता घराच्या उंबऱ्याकडे येऊ. दरवाजा कंपनीचाच बंद असतो असं नाही. बाळंतिणीला पहिले दोन-तीन दिवस येणारं घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. आपल्याकडे तो कित्येक घरांत पिळून टाकत. 'जड असतो, बाळाला बाधतो' म्हणत. सुश्रुतसंहितेसारख्या जुन्या ग्रंथातही दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं असं मानून आधी मध-तूप चाटवायला सांगितलं आहे. आमच्याकडे खजूर किंवा मध. गंमत अशी की गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण मिटक्या मारत खातो आणि बाईचा चीक मात्र मोरीत टाकतो. या चिकातच बाळाला रोगांपासून राखणारी द्रव्यं सर्वांत जास्त असतात. म्हणून डॉक्टर सांगतात, जन्मल्यावर तासाभरात छातीला लावा, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. आणि वर्षाच्या आत मध तर नकोच.

मध्यंतरी डब्याच्या दुधाचा जमाना आला. डब्यावर गुटगुटीत गोरं बाळ. ज्याच्या घरी डबा तो सुधारलेला आणि अंगावर पाजणारी ती गावंढळ, असं एक वारं शहरांतून वाहत होतं. जगभर याविरुद्ध आवाज उठला. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने डब्याच्या दुधाच्या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली. आपल्याकडे ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्ध्याला स्तनपानाचा प्रसार करणारी राष्ट्रीय संस्था, बीपीएनआय, स्थापन झाली. १९९२ साली कायदा झाला. जाहिरात बंद झाली आणि डब्यावरचं ते बाळ कायद्याने उतरवलं गेलं. तरी अजून पल्ला मोठा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं दिसलं, पण जन्मल्यावर तासाभरात आईचं दूध मिळालेली मुलं होती फक्त ४१.८ टक्के. बाळंतीण दवाखान्यापर्यंत पोचली, चीक बाळापर्यंत पोचला नाही.

हे सारं मी वाचलेलं होतं. तरी परीक्षा घरातच झाली. माझी नात आठव्या महिन्यात जन्मली. वजन दीड किलोच्या आसपास. मुलीला दूध उतरेना. डॉक्टर म्हणाले, दूध बँकेतलं दूध देऊ. आशियातली अशी पहिली बँक २७ नोव्हेंबर १९८९ रोजी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली होती, हे मला माहीत होतं. दूध देणाऱ्या आईची तपासणी होते, दूध तापवून निर्जंतुक करतात, गोठवून ठेवतात, हेही माहीत होतं. पण माझी बायको दारातच अडली. "कुणाचं दूध? उद्या पोरीचं लग्न ठरवताना समोरचा मुलगा दूधभाऊ निघाला तर?"

तिची शंका खुळचट नव्हती. याच कारणाने १९८५ साली इस्लामी फिक्ह अकादमीने मुस्लीम देशांत अशा बँका काढू नयेत असा ठराव केला होता. उलट काही आलिमांच्या मते असं मिसळलेलं, बाटलीतून दिलेलं दूध नातं जोडत नाही. मी आमच्या मशिदीतल्या इमामसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "आधी लेकराचा जीव. नातं मोजायला आयुष्य पडलंय." बायकोने मान डोलावली. चार दिवस नातीने त्या दुधावर काढले. पाचव्या दिवशी मुलीला पान्हा फुटला. दूध देणारी ती बाई कोण, कुठल्या जातीधर्माची, आम्हाला ठाऊक नाही. बायको मात्र दर नमाजला तिच्यासाठी दुआ मागते.

दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जागतिक स्तनपान सप्ताह होतो. भाषणं होतात, भिंतीवर चित्रं लागतात आणि सगळा उपदेश आईला केला जातो. तिला तो हवाच. पण माझ्या मते या शाळेत पहिल्या बाकावर बसवायला हवं ते दरवाज्यावरच्या माणसाला: टाइम ऑफिसातल्या कारकुनाला, सुपरवायझरला, सासूला, नवऱ्याला, बसमध्ये टक लावून बघणाऱ्याला.

थोडं शिक्षण सुरू झालंही आहे. एसटी स्थानकांवर 'हिरकणी कक्ष' आले. डिसेंबर २०२२ मध्ये आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधान भवनातही तो उघडावा लागला. पुढच्या अधिवेशनात मुंबईत त्या कक्षात धूळ असल्याची तक्रार त्यांना करावी लागली. आमदाराची ही गत, तर पॅकिंगवालीची काय? तुकोबांच्या पालखीचा देहू सोडल्यावरचा मुक्काम आमच्या आकुर्डीत विठ्ठल मंदिरात असतो. वारीत लेकुरवाळ्या बायाही चालतात. अलीकडे वारीच्या वाटेवर हिरकणी कक्ष दिसू लागले आहेत. पदराआड तोंड लपवून बसण्यापेक्षा पंख्याखाली टेकून लेकराला पाजणारी बाई बघितली की बरं वाटतं.

आमच्यात एक रीत आहे. आई शेवटच्या घटका मोजत असली की मुलं तिच्या पायाशी बसून म्हणतात, "अम्मी, दूध बख्श दे." तुझ्या दुधाचं ऋण माफ कर. माझ्या आईने मला ते हसत माफ केलं. पण त्या दुपारी दोन तास मी ज्याचं दूध गेटवर अडवून धरलं, ते बाळ आज तिशीचं झालं असेल. याच पट्ट्यात कुठेतरी कामालाही असेल. त्याच्या आईपुढे जाऊन मला हेच शब्द म्हणायचे आहेत.