कॅम्पातलं मासिक

जयंतीच्या सभेत आमच्या पनवेलात हमखास एखादा वक्ता सांगतो की आपली पत्रकारिता ‘मूकनायक’पासून, म्हणजे ३१ जानेवारी १९२० पासून सुरू झाली. दुसरा त्याच्यावर कडी करतो : छे, गोपाळबाबा वलंगकरांच्या ‘विटाळ विध्वंसन’पासून, १८८८ सालापासून! टाळ्या दोघांनाही पडतात. मला दोन्ही पटत नाहीत.

‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका. सवर्णांना विचारलेले प्रश्न त्यात आहेत, आणि जळजळीत आहेत. पण पत्र म्हणजे जे पुन्हा पुन्हा निघतं आणि ज्याला वाचणारा उलट लिहू शकतो. तसलं आपल्या माणसानं आपल्यासाठी काढलेलं पत्र म्हणजे शिवराम जानबा कांबळे यांचं ‘सोमवंशीय मित्र’. पुणे, १९०८.

पनवेलातून दोन वाटा फुटतात. एक कोकणात उतरते, महाडकडे. तिथलं रावढूळ हे वलंगकरांचं गाव. पलटणीतून निवृत्त होऊन ते दापोलीच्या कॅम्पात राहिले. दुसरी वाट बोरघाट चढून पुण्याच्या कॅम्पात जाते. दोन्हीकडे गोऱ्यांची छावणीच, हा योगायोग नव्हे. गावात शाळेची पायरी बंद, पण पलटणीत अक्षर मिळे. कॅम्पात साहेबाकडे नोकरी मिळे, वेसकराची काठी सुटे. म्हणून इंग्रजाची आरती ओवाळायची गरज नाही. त्याच इंग्रजानं १८९० नंतर महारांची भरती बंद केली. १९१० साली कांबळ्यांना त्याच्याच दारी अर्ज करावा लागला : आम्हाला फौजेत घ्या, सरकारी नोकरीत घ्या.

कांबळे पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये बटलर. दिवसभर साहेबांच्या टेबलाशी उभं राहायचं, आणि मासिक काढायचं! आपल्याकडं स्टेन्सिल फाटली तरी अंक महिनाभर लांबायचा.

त्या मासिकातली एकच गोष्ट सांगतो. जेजुरीच्या खंडोबाला आपल्याच पोरी मुरळी म्हणून सोडल्या जात. देवाच्या नावानं भंडारा, आणि पुढं आयुष्यभर गावाची नजर. कांबळ्यांनी या चालीवर झोड उठवली. हे लिखाण सवर्णांविरुद्ध नव्हतं, आपल्याच आईबापांविरुद्ध होतं. जास्त अवघड काम. १९०९ च्या सुमारास शिवूबाई नावाच्या मुरळीनं मासिकाला पत्र धाडलं. मुरळीपण सोडायचं, पण आमच्याशी लग्न कोण करणार, असा तिचा रोकडा सवाल. कांबळ्यांनी तो छापला. त्यांचेच सहकारी गणपतराव गायकवाड पुढं आले आणि तिच्याशी लग्न केलं.

बघा, ठराव नाय, परिषद नाय. एका बाईनं विचारलं, छापून आलं, आणि एका माणसाला उत्तर द्यावं लागलं. आपल्या अंकांत बाईचं पत्र शेवटचं कधी छापलं, हे ज्यानं त्यानं आपलं बाड काढून पाहावं.

मासिक फार वर्षं टिकलं नाही. अशा पत्रांना जाहिराती कोण देणार? ‘मूकनायक’ला शाहू महाराजांचे २,५०० रुपये मिळाले म्हणून उभं राहता आलं, त्याची जाहिरात ‘केसरी’नं पैसे देऊनही घेतली नाही, आणि तेव्हा टिळक हयात होते.

कांबळे मात्र थांबले नाहीत. ऑक्टोबर १९२९ मध्ये पुण्याच्या पर्वतीवर मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, सत्याग्रहींवर दगड पडले. त्या सत्याग्रहाच्या पुढाऱ्यांत हा जुना संपादक होता, पन्नाशी उलटलेला.