यादीत नसलेल्या स्त्रिया

शाळामास्तराला शिरगणतीचे काम नवे नाही. दारोदार हिंडावे, नावे लिहावीत, चौकटीवर खडूने आकडा टाकावा. परंतु ज्यांना आपले नाव यादीत येणेच नको, त्यांची मोजदाद कशी करावी? १९८५ च्या अखेरीस मद्रासमध्ये एका विद्यार्थिनीपुढे हा प्रश्न उभा राहिला. विषय सणासुदीचा नाही, हे मी जाणतो. पण घरातील जाणत्या मंडळींनी तो टाळू नये.

विद्यार्थिनीचे नाव सेल्लप्पन निर्मला. प्रबंधासाठी एड्सचा शोध घे, असे तिला सुचविले डॉ. सुनीती सॉलोमन यांनी. या बाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासेत राहिलेल्या मराठी घराण्यातल्या. हा रोग परदेशचा, आपल्याकडे कुठला, असे तेव्हा भलेभले म्हणत. पुण्यात शेकडो जणांचे रक्त तपासूनही काही निघाले नव्हते.

गोळा करायचे होते २०० नमुने. मुंबईत कामाठीपुरा कोणीही दाखवील. मद्रासेत तशी ठरलेली वस्तीच नव्हती. निर्मलाबाई सरकारी रुग्णालयात जाऊन बसू लागल्या. गुप्तरोगाच्या उपचारासाठी येणाऱ्या एकदोघींशी ओळख केली. त्यांनी इतरजणी दाखविल्या. पुष्कळजणी सरकारी सुधारगृहात ठेवलेल्या आहेत, असे कळले. मग रोजची फेरी तिकडे. यजमान स्कूटरवरून सोडीत. तीन महिन्यांत ऐंशीवर नमुने जमले. हातमोजे नव्हते, नमुने राहत घरच्या फ्रिजमध्ये! रक्त कशासाठी घेतो, हे मात्र त्या बायकांना सांगितलेच नव्हते.

इथे माझी लेखणी अडखळते. कोंडलेल्या बाईला 'नाही' म्हणण्याची सोय कितीशी असते? इंग्रज सरकारने १८६८ साली कायदाच केला होता: अशा स्त्रियांची सक्तीने नोंद करायची, तपासणी करायची. काळजी मुख्यतः गोऱ्या शिपायांची. बायका नोंद चुकविण्यासाठी पळ काढीत. १८८८ मध्ये कायदा रद्द झाला. निर्मलाबाईंनी कोणावर सक्ती केली नाही, हे खरे. पण इमारतीला कुलूप होते, हेही खरेच.

फेब्रुवारी १९८६ मध्ये बर्फाची पेटी घेऊन त्या यजमानांसह रात्रीच्या गाडीने काटपाडीला आणि तिथून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पोचल्या. सहा नमुने पिवळे झाले. त्या सहाजणींचे रक्त पुन्हा घेऊन अमेरिकेत तपासले, निकाल तोच. मे महिन्यात आरोग्यमंत्री हंडे यांनी तो विधानसभेत जाहीर केला.

सुनीतीबाईंनी १९९३ मध्ये वडिलांच्या नावाने केंद्र काढले. तिथे रुग्णाला उपचार मिळत आणि बोलायला माणूसही. पुढे १९९७ साली हेकथॉर्न या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने एक रीत मांडली: ओळखीच्या एकाला मोजक्या चिठ्ठ्या द्यायच्या, त्याने त्या आपल्यासारख्यांना वाटायच्या, येणाऱ्याला थोडा मोबदला, आणणाऱ्यालाही. आग्रह धरणारा सरकारी माणूस मध्ये नाही. रुग्णालयातल्या त्या एकदोघींनी, चिठ्ठीवाचून का होईना, हेच तर केले होते! गायतोंडे केंद्राने पुढे याच रीतीने भारतात २७ ठिकाणी २६ हजारांवर माणसांची पाहणी केली. इथे मात्र आधी सांगून, विचारूनच रक्त घेतात. चिठ्ठीवर नाव नसते. नुसता आकडा असतो.