शेतजमिनीचा दावा : वकील कसा निवडावा, कोणती काळजी घ्यावी?

बियाणे घेताना आपण पिशवीवरचा टॅग, लॉट क्रमांक पाहतो आणि पक्के बिल मागतो. जमिनीचा वाद निघाला, की मात्र कुणीतरी नाव सुचवले म्हणून त्याच दिवशी वकीलपत्रावर सही होते. शिवारफेरीत पिकाबद्दल बोलता बोलता शेतकरी खिशातून घडी घातलेली नोटीस काढतात. ‘पुढची तारीख कधी?’ असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते : ‘वकीलसाहेबांना माहीत.’ मी कृषी पदवीधर आहे, वकील नाही. पण जमीन हातची गेली तर पीक सल्ल्याचा उपयोग काय, म्हणून ही माहिती.

आधी वाद कोणता ते ओळखा

वादाच्या प्रकारावर दाद मागण्याचे ठिकाण आणि मुदत ठरते.

- फेरफार नोंद : मंडळ अधिकाऱ्याच्या निर्णयावर उपविभागीय अधिकाऱ्याकडे (प्रांत) अपील करता येते. मुदत 60 दिवस.
- वहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याचा प्रवाह अडवणे : मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 नुसार तहसीलदाराकडे दावा. मुदत अडथळा झाल्यापासून 6 महिने.
- बांध, हद्द : आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्या.
- मालकी हक्क, वादातील वाटणी, खरेदीखत रद्द करणे : दिवाणी न्यायालय. सात-बारावरील नोंदीने मालकी सिद्ध होतेच असे नाही.

पहिल्या भेटीत काय विचारावे?

1. माझे प्रकरण महसुली आहे की दिवाणी? मुदत किती शिल्लक आहे?
2. माझी बाजू कुठे कमकुवत आहे?
3. अशी प्रकरणे तुम्ही नियमित चालवता का? तारखेला स्वतः उभे राहाल की सहकारी?
4. एकूण फी किती आणि ती कोणत्या टप्प्यावर द्यायची? कोर्ट फी, नकला, टायपिंग यांचा खर्च वेगळा का?

‘केस शंभर टक्के जिंकून देतो’ असे सांगणाऱ्यापासून सावध राहा. कमकुवत बाजू आधीच सांगणारा वकील जास्त भरवशाचा. निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या जमिनीत, रकमेत वाटा मागणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. प्रतिपक्षाशी वकिलांचे काही संबंध आहेत का, हेही स्पष्ट विचारा. त्यात संकोच नको.

कागद आणि तारीख स्वतःकडे ठेवा

- मूळ खरेदीखत, वाटणीपत्र घरीच ठेवा. वकिलांना झेरॉक्स द्या. न्यायालयात मूळ प्रत दाखल करावी लागली, तर यादीवर पोच घ्या.
- कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही करू नका. दावा, प्रतिज्ञापत्र वाचून घ्या किंवा घरातल्या शिकलेल्या माणसाकडून वाचून घ्या, मगच सही करा.
- फी शक्यतो बँकेतून द्या, रोख दिल्यास पावती घ्या.
- दिवाणी दाव्याचा 16 अंकी सीएनआर क्रमांक मागून घ्या. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲपवर तो टाकला की पुढची तारीख आणि झालेले आदेश मोबाइलवर दिसतात.

वकिलांना तुमच्याकडून काय हवे?

घटनाक्रम तारखांसह एका कागदावर लिहून न्या. ताबा कुणाचा, हा मुद्दा अनेक दाव्यांत कळीचा ठरतो. त्यासाठी दरवर्षी ई-पीक पाहणी वेळेत नोंदवा. उभ्या पिकाचे तारखेसह फोटो, खते-बियाण्यांची बिले, वीजबिल, विक्रीच्या पट्ट्या जपून ठेवा. आपल्याला अडचणीची वाटणारी गोष्ट, उदा. जुनी तोंडी वाटणी किंवा दिलेला शब्द, वकिलांपासून लपवू नका. ती समोरच्या पक्षाकडून कळली, तर तयारीला वेळ मिळत नाही.

फी परवडत नसेल तर

महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. इतरांना उत्पन्न मर्यादेनुसार. तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. हेल्पलाइन : 15100.

विश्वास उडाला तर

आधी समोरासमोर बोला. तरीही जमले नाही, तर वकील बदलण्याचा हक्क तुम्हाला आहे. जुन्या वकिलांचे ना हरकत पत्र घ्या. ते मिळत नसेल, तर न्यायालयाची परवानगी मागता येते. फी बाकी आहे म्हणून वकिलांना तुमचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये स्पष्ट केले आहे. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करता येते. ग्राहक आयोगाकडे मात्र नाही. वकिलांची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, असा 2024 चा निर्णय आहे.

लक्षात ठेवा : चांगल्या वकिलावर विश्वास जरूर ठेवा, पण मूळ कागद, फीच्या पावत्या आणि पुढची तारीख या तीन गोष्टी कायम तुमच्या हाती हव्यात. नोटीस आली, की ती मिळाल्याची तारीख पाकिटावर लिहा आणि त्याच आठवड्यात सल्ला घ्या. पेरणीचा हंगाम असला, तरी मुदत थांबत नाही.