जागा पवित्र कशाने होते?
(आयर्लंडमधील काही स्थळांच्या निमित्ताने)

आयर्लंडची राजधानी डब्लिन. या शहराच्या उत्तर भागात बॅलीबॉक नावाची वस्ती आहे. तेथे रस्त्याला लागून एक लहानसे घर असून त्याच्या दर्शनी भिंतीवर हे घर ५६१८ साली बांधल्याचे कोरलेले आहे. वाटेने जाणाऱ्या परक्या माणसाला वाटते, कोरणाऱ्याचा हात चुकला असावा. आमच्या वाचकांना मात्र याचा उलगडा करून सांगायला नको. हे इब्री साल आहे. इसवी सनाने ते १८५७ होते. हे घर राखणदाराचे, आणि त्याच्या मागे आयर्लंडमधील सर्वांत जुने यहुदी कबरस्तान आहे. त्यासाठी १७१८ साली जमीन घेण्यात आली. दोनशेहून अधिक माणसे तेथे विसावली आहेत.

या कबरस्तानाची हकीकत वाचताना एक जुनाच प्रश्न आमच्या मनात पुन्हा उभा राहिला. आपल्या ज्ञातीतील बहुतेक कुटुंबांनी १९४८ नंतर भारत सोडला. कोणी लोदला गेले, कोणी अश्दोदला, कोणी दिमोनाला, तर कोणी इंग्लंडला. नवगाव, रेवदंडा, पेण, अष्टमी ही गावे मागे राहिली. पुष्कळांच्या बाबतीत ती केवळ आडनावात उरली. मग त्या गावांतील आपल्या पवित्र जागांचे काय? त्यांचे पावित्र्य तेथेच राहिले, की आपल्या सामानाबरोबर आपण ते घेऊन आलो?

प्रथम त्या देशातील बहुसंख्य कॅथलिक लोकांकडे पाहू. मेयो परगण्यात क्रोक पॅट्रिक नावाचा ७६४ मीटर उंचीचा डोंगर आहे. संत पॅट्रिक यांनी त्यावर चाळीस दिवस उपास केला, अशी श्रद्धा आहे. सातव्या शतकातील तिरेखान नावाच्या लेखकाने लिहून ठेवले आहे, की या उपासात पॅट्रिकपुढे मोशे आणि एलियाहू यांचाही कित्ता होता. जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो माणसे हा डोंगर चढतात. काहीजण तर त्या निसरड्या, धारदार दगडांवरून अनवाणी जातात. माथ्यावरचे आजचे लहान प्रार्थनामंदिर १९०५ चे, पण यात्रा त्याच्या कितीतरी शतके आधीची. म्हणजे देऊळ झाले म्हणून लोक गेले असे नव्हे; लोक जात होते म्हणून देऊळ झाले.

दुसरे उदाहरण याहून साधे आहे. १६९५ पासून आयर्लंडमध्ये कॅथलिकांवर जाचक निर्बंध घालणारे कायदे एकामागून एक झाले. उघडपणे उपासना करणे कठीण झाले, तेव्हा गावकरी रानात, ओढ्याकाठी एखाद्या सपाट खडकाभोवती जमू लागले. त्या खडकावरच धर्मगुरू मिस्सा करीत. त्या खडकांना शिखर नाही, बहुतेकांवर नक्षीही नाही. शेजारच्या दगडात आणि त्यांच्यात परक्याला काही फरक दिसणार नाही. पण गावाला तो खडक ठाऊक असतो, आणि काही ठिकाणी आजही वर्षातून एकदा लोक तेथे उपासनेला जमतात.

हे वाचून कोणा बेने इस्रायलाला खंडाळ्याचा खडक आठवणार नाही? अलिबागजवळचा 'एलियाहू हन्नाबीचा टापा' हाही एक खडकच. प्रेषिताच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा त्यावर आहेत, असे आपले वाडवडील सांगत आले. नवस फेडायला, मलिदा करायला पिढ्यान्‌पिढ्या लोक तेथे गेले. ते जाणे नसते, तर त्या खुणा कोणाला दिसल्या असत्या?

आता आयर्लंडमधील यहुदी समाजाकडे वळू. १८८० नंतर लिथुआनियाकडून बरीच कुटुंबे तेथे आली. १९४६ च्या शिरगणतीत त्यांची संख्या ३,९०७ भरली. पुढे तरुण मंडळी इंग्लंड, अमेरिका आणि इस्राएलकडे गेली आणि प्रार्थनास्थळे ओस पडू लागली. डब्लिनच्या अॅडलेड रोडवरील सिनेगॉग १८९२ साली उघडले आणि १९९९ साली बंद झाले. दक्षिणेकडील कॉर्क शहराचे सिनेगॉग २०१६ साली मिटले. शब्बाथला मिनियन जमत नाही, म्हणजे काय होते हे कोकणातील ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगण्याची गरज नाही.

पण सर्वच काही पुसले गेले नाही. डब्लिनच्या वॉलवर्थ रोडवर शेजारशेजारची दोन राहती घरे जोडून एक छोटे सिनेगॉग केले होते. तेथील उपासना थांबली. परंतु जून १९८५ मध्ये त्याच वास्तूत यहुदी संग्रहालय सुरू झाले. उद्घाटन इस्राएलचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हाईम हेर्झोग यांनी केले. त्यांचा जन्म बेलफास्टचा, बालपण डब्लिनचे, आणि त्यांचे वडील आयर्लंडचे मुख्य रब्बी होते. वरच्या मजल्यावरील प्रार्थनागृह, हेखालासह, जसेच्या तसे ठेवले आहे. कॉर्कमध्ये यहुदी वस्तीच्या जागी १९८९ पासून 'शालोम पार्क' नावाची बाग आहे. तेथे २०११ साली एका कलावतीच्या कल्पनेतून नऊ दिवे उभारले गेले. नववा दिवा वर्षातून एकदाच, हनुक्काच्या शेवटच्या संध्याकाळी थोडा वेळ लागतो. दिवा लावणारे नगर ख्रिस्ती, आठवण यहुद्यांची.

या बाबतीत आपल्या शास्त्राचे म्हणणे विचार करण्याजोगे आहे. मिश्नाच्या मगिल्ला प्रकरणात सांगितले आहे, की सिनेगॉग विकल्यास त्या पैशातून हेखाल घ्यावे, हेखाल विकल्यास सेफेरची वस्त्रे, आणि असेच चढत चढत सेफेर तोरापर्यंत जावे. उलट उतरू नये. म्हणजे भिंतींचे पावित्र्य हलवता येते. मुंबईचे आपले पहिले सिनेगॉग, शाआर हारहमीम, सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली बांधले. १८६० साली ते मूळ जागेवरून जवळच हलले, म्हणून त्याचा मान कमी झाला नाही. पण त्याच प्रकरणात दुसरीही आज्ञा आहे. उजाड झालेले सिनेगॉगही पवित्रच राहते. त्यातून जवळची वाट म्हणून जाऊ नये. तेथे गवत उगवले तर ते उपटूही नये, म्हणजे पाहणाऱ्याच्या मनाला चटका बसेल.

कबरस्तानाची गोष्ट निराळी. सेफेर हातांत उचलून नेता येतो, पूर्वज उचलून नेता येत नाहीत. म्हणूनच बॅलीबॉकला राखणदाराचे घर बांधावे लागले. १८९८ साली डॉल्फिन्स बार्न येथे नवे कबरस्तान झाले, तरी जुन्याचे दार कायमचे बंद झाले नाही. २०१७ साली त्याचा कारभार डब्लिन महापालिकेने आपल्याकडे घेतला. कोकणात नवगावला आपलेही असेच स्थान आहे. गलबत फुटून जे बुडाले, त्यांना किनाऱ्यावर दोन मोठ्या कबरींत पुरले आणि वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, ही कथा आपण मांडीवर बसून ऐकली. त्या कबरींवर नावे नाहीत. त्या कोणाच्या, हे सांगणारी आपलीच जीभ आहे.

आमचे उत्तर असे : दगडाला पावित्र्य देतात ती तेथे जाणारी पावले आणि तेथे म्हटलेली प्रार्थना. एकदा दिलेले पावित्र्य आपण निघून गेलो तरी नाहीसे होत नाही. मात्र ओळखणारे कोणी उरले नाही, तर ते दगड मुके होतात. इस्राएलमध्ये आपण मलिदा करतो, हाइफाला एलियाहूच्या गुहेत जातो, हे योग्यच आहे. परंतु तेवढ्याने नवगावचे ऋण फिटत नाही.

म्हणून वाचकांना आमची नम्र विनंती आहे. पुढच्या खेपेस भारतात जाल तेव्हा मुंबईच्या खरेदीतून एक दिवस काढा. मुलानातवंडांना नवगावच्या कबरस्तानात आणि खंडाळ्याच्या टाप्यावर घेऊन जा. तेथे हाशकाबा म्हणा. आणि परतताना त्यांना आपल्या आडनावातील गाव कोठे होते, तेही दाखवा.