ऑनलाइन व संमिश्र अध्यापन, मुंबई उपनगरांतील
शिक्षक व विद्यार्थी एका ठिकाणी नसताना संगणक आणि आंतरजाल यांच्या द्वारे होणाऱ्या अध्यापनास ऑनलाइन अध्यापन म्हणतात. अभ्यासक्रमाचा काही भाग अशा रीतीने आणि उरलेला प्रत्यक्ष वर्गात शिकविला जातो, तेव्हा त्यास संमिश्र अध्यापन अशी संज्ञा आहे. विद्यापीठीय शिक्षणात या दोन्ही पद्धतींचा प्रसार एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या दोन दशकांत झाला. भारतातील या चळवळीच्या इतिहासात मुंबईच्या उपनगरांना विशेष स्थान आहे. सांताक्रूझजवळील कालिना येथे मुंबई विद्यापीठाचे दूरशिक्षण वाढले, तर अंधेरी व घाटकोपर यांच्या दरम्यान असलेल्या पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेने उपग्रह व आंतरजाल यांच्या द्वारे देशभरच्या महाविद्यालयांना शिकविण्याचे प्रयोग केले.

पार्श्वभूमी : मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर झाली. महाविद्यालयांना संलग्नता देणे, परीक्षा घेणे व पदव्या देणे एवढेच आरंभी त्याचे कार्य होते. अध्यापन महाविद्यालयांत होत असे. शिकविणारी संस्था एक आणि प्रमाणपत्र देणारी दुसरी, ही व्यवस्था त्यामुळे येथे प्रथमपासूनच रूढ झाली. स्वातंत्र्याच्या सुमारास व त्यानंतर उपनगरांत महाविद्यालये निघू लागली. अंधेरीचे भवन्स महाविद्यालय १९४६ मध्ये, विलेपार्ल्याचे पार्ले महाविद्यालय (सध्याचे साठ्ये महाविद्यालय) १९५९ मध्ये, घाटकोपरचे झुनझुनवाला महाविद्यालय १९६३ मध्ये आणि मुलुंडचे वझे महाविद्यालय १९८४ मध्ये सुरू झाले. अंधेरी-मरोळचा औद्योगिक पट्टा तसेच घाटकोपर-विक्रोळी-मुलुंड या भागातील कारखाने यांत काम करणाऱ्या तरुणांना मात्र नियमित महाविद्यालयात जाणे अवघड होते. पदवी मिळविण्याची त्यांची गरज हेच येथील दूरशिक्षणाच्या वाढीचे मुख्य कारण होय.

भारतात पत्रद्वारा शिक्षणाचा आरंभ दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये केला. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रमांचे संचालनालय स्थापन केले. दूर व मुक्त अध्ययन संस्था हे त्याचे पुढील काळातील नाव असून ‘आयडॉल’ या आद्याक्षरी रूपानेच ती अधिक ओळखली गेली. तिचे मुख्य केंद्र असलेली कालिन्याची विद्यानगरी पश्चिम रेल्वेवरील सांताक्रूझ व मध्य रेल्वेवरील कुर्ला या दोन्ही स्थानकांपासून जवळ असल्यामुळे बोरिवलीकडील व मुलुंडकडील विद्यार्थ्यांना ती सारखीच सोयीची ठरली. विद्यार्थ्यांकडे टपालाने छापील टिपणे पाठविली जात आणि सुटीच्या दिवशी संपर्क-व्याख्याने होत. टिपणांतून न उलगडलेला भाग या व्याख्यानांत विचारून घेता येई. साधन वेगळे असले, तरी तत्त्वतः ही संमिश्र अध्यापनाचीच जुनी पद्धती होती. नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठानेही स्थानिक अभ्यासकेंद्रांचे तत्त्व स्वीकारले (⟶ मुक्त विद्यापीठ).

दूरचित्रवाणी व उपग्रह : विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ रोजी दूरदर्शनवरून ‘देशव्यापी वर्ग’ हा कार्यक्रम सुरू केला. त्याचे प्रसारण प्रामुख्याने इंग्रजीत होते आणि विद्यार्थ्याला प्रश्न विचारण्याची सोय त्यात नव्हती. या दोन उणिवांचे निराकरण हा पुढील अनेक प्रयोगांचा विषय झाला. केवळ शैक्षणिक कार्यासाठी बनविलेला एज्युसॅट हा उपग्रह सप्टेंबर २००४ मध्ये अवकाशात सोडण्यात आला. त्यानंतर पवई येथील संस्थेच्या दूरस्थ अभियांत्रिकी शिक्षण केंद्राने तेथील वर्गांतील व्याख्याने उपग्रहाद्वारे इतर महाविद्यालयांना उपलब्ध करून दिली. दरम्यान २००३ पासून सात भारतीय तंत्रविज्ञान संस्था आणि बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून ‘एनपीटेल’ हा प्रकल्प हाती घेतला. अभियांत्रिकीच्या मूलभूत विषयांवरील व्याख्याने मुद्रित करून ती सर्वांना विनामूल्य देणे हा त्याचा हेतू होता. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने २००१ मध्ये आपले पाठ्यसाहित्य खुले करण्याचे जाहीर केले होते. त्या विचाराशी हा प्रकल्प जुळणारा होता.

पवई येथील प्रयोग : केंद्र शासनाने २००९ मध्ये माहिती व संदेशवहन तंत्रविज्ञानाद्वारे शिक्षणाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तीतून निधी मिळालेल्या पवईच्या उपक्रमांपैकी दोन विशेष उल्लेखनीय आहेत.

पहिला उपक्रम महाविद्यालयीन शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा होय. संगणकशास्त्राचे प्राध्यापक दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली आरंभी एक हजार व नंतर दहा हजार शिक्षकांना एकाच वेळी प्रशिक्षित करण्याची योजना आखण्यात आली. देशातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत दूरस्थ केंद्रे निवडण्यात आली. प्रत्येक केंद्राचा समन्वयक प्रथम पवईस येऊन प्रशिक्षण घेई. मुख्य कार्यशाळेच्या वेळी पवईचे व्याख्यान सर्व केंद्रांत एकदम दिसे, केंद्रांतून प्रश्न विचारता येत आणि प्रात्यक्षिके व चर्चा स्थानिक समन्वयकाच्या देखरेखीखाली होत. उत्तम व्याख्याता एकच असला, तरी त्याचे शिक्षण पचविण्यास मदत करणारा माणूस प्रत्येक ठिकाणी असला पाहिजे, हे सूत्र या रचनेच्या मुळाशी होते.

दुसरा उपक्रम म्हणजे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी सुरू केलेला ‘स्पोकन ट्यूटोरियल’ हा प्रकल्प. त्यात मुक्त संगणकप्रणालींवरील सु. दहा मिनिटांचे ध्वनिचित्रपाठ तयार करण्यात आले. पडद्याच्या एका भागात पाठ पाहावा व दुसऱ्या भागात तीच कृती लगेच करून पाहावी, अशी त्यांची मांडणी आहे. पडद्यावरील चित्र तेच ठेवून निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत करण्यात आल्याने इंग्रजीच्या अडसरावर व्यवहार्य उपाय सापडला. येथेही पाठ वर्गात चालवून घेण्याचे काम महाविद्यालयातील संघटकाकडे सोपविलेले असते.

मोठ्या संख्येसाठी खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांना इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘मूक’ म्हणतात. ही संज्ञा २००८ मध्ये कॅनडात रूढ झाली व २०१२ नंतर तिचा सर्वत्र बोलबाला झाला. पवई येथे २०१४ मध्ये ‘आयआयटीबॉम्बेएक्स’ हा मंच उभारण्यात आला. या अभ्यासक्रमांत नाव नोंदविणारे पुष्कळ, पण तो पूर्ण करणारे बहुधा एकदशांशाहूनही कमी, असा जगभरचा अनुभव होता. तो ध्यानात घेऊन पवईतील शैक्षणिक तंत्रविज्ञान विभागाचे श्रीधर अय्यर, सहाना मूर्ती व त्यांचे सहकारी यांनी अध्ययनार्थीकेंद्रित आकृतिबंध मांडला. मध्ये थांबून विचार करावयास लावणारे लहान पाठ, गुण नसलेला सराव व त्यावरील अभिप्राय, निरनिराळ्या तयारीच्या विद्यार्थ्यांसाठी निरनिराळे पूरक साहित्य आणि नेमक्या प्रश्नावर केंद्रित चर्चा हे त्याचे चार घटक होत. याच विचारावर आधारलेले, संमिश्र अध्यापनाचे शिक्षण देणारे अभ्यासक्रम महाविद्यालयीन शिक्षकांसाठी चालविण्यात आले. व्याख्यान घरी पाहावे आणि वर्गाचा वेळ उदाहरणे सोडविण्यास द्यावा, या ‘उलट वर्गा’च्या पद्धतीचा परिचय त्यांतून अनेक शिक्षकांना झाला.

विद्यापीठीय मान्यता : एनपीटेलने २०१४ पासून प्रमाणपत्र परीक्षा सुरू केल्या. शिकणे विनामूल्य व परीक्षेस शुल्क, अशी तीत योजना आहे. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन, पर्यवेक्षकासमोर द्यावी लागते. केंद्र शासनाचा ‘स्वयम्’ हा मंच जुलै २०१७ मध्ये कार्यान्वित झाला. त्यावरील अभ्यासक्रमांतून पदवीसाठी लागणाऱ्या श्रेयांकांपैकी २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळविण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या विनियमांनी दिली होती. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के करण्यात आली. संपूर्ण ऑनलाइन पदव्यांना २०१८ च्या विनियमांनी वाट मोकळी झाली आणि २०२० मध्ये दूरशिक्षण व ऑनलाइन शिक्षण यांसाठी एकत्र विनियम करण्यात आले. त्यांना अनुसरून कालिन्याच्या संस्थेचे दूर व ऑनलाइन शिक्षण केंद्र असे नामांतर झाले.

महासाथीचा काळ : कोविड-१९ च्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली. तोपर्यंत ऐच्छिक असलेली पद्धती काही आठवड्यांत सक्तीची झाली. उपनगरी रेल्वे सर्वसामान्य प्रवाशांना फेब्रुवारी २०२१ पर्यंत बंद होती व नंतरही दीर्घ काळ निर्बंध राहिले. त्यामुळे बोरिवलीहून पार्ल्यास किंवा ठाण्याहून घाटकोपरास येणाऱ्या विद्यार्थ्याला ऑनलाइन वर्गाखेरीज पर्याय नव्हता. मुंबई विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या लेखी परीक्षा ऑक्टोबर २०२० मध्ये ऑनलाइन, बहुपर्यायी प्रश्नांच्या स्वरूपात झाल्या. राज्यातील महाविद्यालयांतील प्रत्यक्ष वर्ग २० ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा भरू लागले.

या काळात एक जुनी विषमता नव्या रूपाने प्रकट झाली. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील नागरी कुटुंबांपैकी सु. ४२ टक्के व ग्रामीण कुटुंबांपैकी सु. १५ टक्के कुटुंबांकडेच आंतरजालाची सोय होती. घरी संगणक असलेल्या कुटुंबांचे प्रमाण नागरी भागातही सु. २३ टक्केच होते. बृहन्मुंबईची सु. ४१ टक्के लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार झोपडपट्ट्यांत राहत होती. एका खोलीच्या घरात एकच भ्रमणध्वनी भावंडांनी वाटून घ्यावयाचा, तर व्याख्यान उपलब्ध असूनही ते ऐकता येईलच असे नाही. महाविद्यालयाची इमारत केवळ अध्यापनाची जागा नसून शांतता, प्रकाश, ग्रंथालय व सोबती पुरविणारी जागा आहे, ही गोष्ट ती बंद झाल्यावर विशेषत्वाने जाणवली. प्रयोगशाळेतील कामास आभासी प्रयोगशाळांनी काही आधार दिला. परंतु हाताने करावयाच्या कामाची जागा त्यांना घेता आली नाही.

मूल्यमापन : विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये संमिश्र अध्यापनाविषयी टिपण प्रसिद्ध करून अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन व उरलेला प्रत्यक्ष शिकविण्याची सूचना केली. संमिश्र अध्यापनाच्या परिणामकारकतेस संशोधनाचाही काही आधार आहे. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संमिश्र वर्गांतील विद्यार्थ्यांची प्रगती केवळ प्रत्यक्ष वर्गांतील विद्यार्थ्यांपेक्षा सरासरीने सरस आढळली. तथापि, या वर्गांना अधिक वेळ व अधिक साहित्य मिळालेले असल्याने श्रेय केवळ माध्यमाला देता येत नाही, असे त्याच अभ्यासात नमूद आहे.

उपनगरांतील अर्धशतकाचा अनुभव याच दिशेचा आहे. कालिन्याच्या टिपणांना संपर्क-व्याख्यानांची जोड होती, पवईच्या प्रक्षेपणास दूरस्थ केंद्रातील समन्वयकाची आणि ध्वनिचित्रपाठांना महाविद्यालयातील संघटकाची. दूरदर्शनवरील देशव्यापी वर्गास अशी जोड नव्हती. महासाथीच्या काळात ती नाइलाजाने तुटली आणि तेव्हा मागे पडले ते प्रामुख्याने साधनहीन विद्यार्थी. ऑनलाइन अध्यापनामुळे प्रवास वाचतो, उत्तम व्याख्यान दूरवर पोहोचते व नोकरी करणाऱ्यास सवडीने शिकता येते, हे लाभ निश्चितच मोठे आहेत. मात्र ते शिक्षकांची पदे व वर्गखोल्या कमी करण्याचे साधन ठरल्यास, ज्या नोकरदार व निम्न उत्पन्न गटांतील विद्यार्थ्यांसाठी येथे दूरशिक्षणाचा आरंभ झाला, त्यांनाच त्याची झळ प्रथम पोहोचेल. म्हणून संमिश्र अध्यापनाची योजना आखताना ऑनलाइन भागाच्या टक्केवारीइतकाच महाविद्यालयातील अभ्यासिका, संगणककक्ष व मार्गदर्शक शिक्षक यांच्या तरतुदीचा विचार होणे आवश्यक ठरते.