लसिकाग्रंथींचा कर्करोग : जनुकीय ज्ञानाचा इतिहास आणि मुंबईचे योगदान

प्रस्तावना :
मानेत किंवा काखेत न दुखणारी गाठ वाढू लागली की ती गंडमाळ, म्हणजे क्षयाची गाठ, असा समज समाजात रूढ आहे. मात्र अशा काही गाठी लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या, म्हणजेच लिम्फोमाच्या असतात. या रोगाची ओळख जनुकांपर्यंत कशी पोहोचली व त्यात मुंबईचे स्थान कोणते, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विवेचन :
१८३२ मध्ये लंडनचे थॉमस हॉजकिन यांनी लसिकाग्रंथी व प्लीहा वाढलेल्या रुग्णांचे वर्णन केले. महाराष्ट्रात कर्करोगाच्या अभ्यासाला भक्कम संस्थात्मक पाया लाभला तो २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयामुळे. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे तेच पहिले संचालक होत. याच केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढविण्याची, प्रयोगशाळा उभारली.

जनुकांचा उलगडा प्रामुख्याने पाश्चात्त्य प्रयोगशाळांत झाला. १९५८ मध्ये डेनिस बर्किट यांनी युगांडातील मुलांच्या जबड्यांतील गाठींचे वर्णन केले. त्या गाठींच्या पेशींत ८ व्या गुणसूत्रावरील 'मिक' जनुक बहुधा १४ व्या गुणसूत्रावरील प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी जाऊन बसते, हे १९८२ मध्ये स्पष्ट झाले. बी-पेशींत प्रतिपिंडाचे जनुक सतत कार्यरत असते. त्याच्या सान्निध्याने 'मिक'ही अखंड चालू राहते आणि पेशीविभाजन आवरत नाही. याउलट 'बीसीएल-२' हे जनुक पेशींची वाढ वेगवान करीत नाही, तर त्यांचे नियत मरण टाळते, असे १९८८ मध्ये दिसून आले. २००० साली सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्या दिसणाऱ्या गाठी जनुकांच्या कार्यावरून निरनिराळ्या प्रकारांच्या ठरल्या. रोगाचे नाव आता केवळ रूपावरून नव्हे, तर कारणावरूनही ठरू लागले.

या ज्ञानाच्या उपयोजनात मुंबईचा वाटा ठळक आहे. आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या 'नेक्सकार-१९' या उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. यात रुग्णाच्याच टी-पेशींत नवे जनुक घालून त्यांना बी-पेशींवरील 'सीडी-१९' हे प्रथिन ओळखण्यास समर्थ केले जाते. परदेशातील तत्सम उपचारांहून तो पुष्कळ स्वस्त असला, तरी खर्च लाखांच्या घरातच आहे.

समारोप :
कबनूर-इचलकरंजी परिसरातील यंत्रमाग कामगाराच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ साधा आहे. गाठीचा तुकडा वेळीच काढून नीट जतन केला गेला नाही, तर जनुकांची तपासणी संभवत नाही. आणि तपासणीविना गाठ क्षयाची समजून औषधे देण्यात मोलाचे महिने जातात. जनुकीय ज्ञानाची प्रगती प्रयोगशाळेत होते. तिची कसोटी मात्र गावच्या दवाखान्यात लागते.